गडी विकत घ्यावा कीं घडवावा?

आमच्या जालन्यास व्यापाराचें नांव फार जुनें आहे. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण येथील लहान मुलासही ठाऊक असते. मोंढ्यांतील धान्याचा भाव, बाजारांतील बैलजोडीचा सौदा, पेरणीपूर्वीं करावयाची बियाण्याची निवड, ह्या गोष्टी ज्या गांवाच्या हाडींमाशीं खिळलेल्या आहेत, त्या गांवच्या विद्यार्थ्यांस देवघेवीचा विचार शिकवावयास नको, असें कोणीही म्हणेल. तथापि एका विषयांत आमचे विद्यार्थी, आणि त्यांचे वडीलही, व्यापाऱ्याची सावध दृष्टि घरीं ठेवून जत्रेंतील बघ्याच्या दृष्टीनें सौद्याकडे पाहतात. तो विषय म्हणजे व्यावसायिक संघांतील खेळाडूंची खरेदी, विक्री व अदलाबदल. लिलांवाच्या दिवशीं कोणास किती कोटी मिळाले हें प्रत्येकाच्या तोंडीं असतें. परंतु त्या संघास तो गडी कशासाठीं हवा होता, त्याच्यासाठीं काय सोडावें लागलें, आणि पुढें त्या सौद्याचें काय झालें, हें विचारणारा विरळा. संघ सुधारावयाचा तर गडी विकत घ्यावा कीं घडवावा, आणि घ्यावयाचा झाल्यास कोणत्या तराजूंत तोलून घ्यावा, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम ह्या सौद्यांचें स्वरूप ध्यानांत घ्यावें. अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघांत थेट अदलाबदलीची रीत पुष्कळ जुनी आहे. एक संघ आपला गडी दुसऱ्यास देतो व त्याच्याकडून दुसरा गडी घेतो. दोघांच्या वेतनाचा मेळ बसवितो. आणि केव्हां केव्हां पुढील वर्षांत येणाऱ्या नवोदितांतून आधीं निवड करण्याचा आपला हक्कही देऊन टाकतो. म्हणजे आजच्या गड्याच्या मोबदल्यांत, अद्याप शाळेंत असलेला उद्यांचा गडी दिला जातो! आपल्याकडे क्रिकेटच्या इंडियन प्रीमिअर लीगमध्यें अशी थेट अदलाबदल चालते. प्रो कबड्डी लीगमध्यें मात्र मुख्य व्यवहार लिलांवाचा आहे. हंगामापूर्वीं प्रत्येक संघ कांहीं गडी राखून ठेवतो, कांहींना मोकळें करतो, आणि उरलेल्या रकमेंतून नवे गडी घेतो. वाटा निराळ्या असल्या तरी तत्त्व एकच: रक्कम मर्यादित, जागा मर्यादित, आणि एक घ्यावयाचा तर दुसरा सोडावयाचा.

ह्या तत्त्वाचा उत्तम पाठ आपल्याच महाराष्ट्रांतील पुणेरी पलटण ह्या कबड्डी संघाच्या इतिहासांत सांपडतो. २०१४ सालीं ८ संघांनिशीं ही लीग सुरू झाली. पहिल्या दोन्ही हंगामांत पुण्याचा संघ अगदीं तळाशीं राहिला. पुढें नामांकित गडी आले, गेले, क्रमांक सुधारला, परंतु अजिंक्यपद कांहीं हातीं आलें नाहीं. मग हळूहळू एक निराळें पीक दिसूं लागलें. २०१९ सालीं पंकज मोहिते हा तरुण चढाईपटू संघांत आला. २०२१-२२ च्या हंगामांत अहिल्यानगर जिल्ह्यांतील टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे दोघे नवोदित म्हणून प्रथम खेळले. ह्यांतील एकाच्याही नांवाचा त्या वेळीं डंका नव्हता. संघानें त्यांना खेळविलें, हरूं दिलें, शिकूं दिलें आणि पुन्हां खेळविलें.

चढाईची बाजू अशी तयार होत असतां संघाची उणीव कोठें उरली? ती उरली बचावांत, आणि त्यांतही कोपऱ्यांत. कबड्डी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांस हें सांगावयास नको, परंतु पालकांसाठीं सांगतों. सात गड्यांच्या रांगेंत दोन्ही टोकांस जे उभे राहतात ते कोपरारक्षक. चढाई करणारा आंत शिरला कीं त्याचा पाय धरावयाचा तो बहुधा त्यांनींच. मग मधले गडी धांवून त्याला दाबतात. कोपरा कच्चा असला म्हणजे बाकीचे सहाजण कितीही बळकट असोत, घराचें दार उघडें राहिल्यासारखें होतें. ही उणीव ओळखून पुण्यानें २०२२ च्या लिलांवांत इराणचा कसलेला कोपरारक्षक फझल अत्राचली ह्यास १ कोटी ३८ लक्ष रुपयांस घेतलें. त्या हंगामांत संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला आणि १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईस जयपूरच्या संघाकडून २९-३३ असा थोडक्यांत हरला.

येथें संघचालकांपुढें खरा पेंच होता. अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचलेला संघ तसाच ठेवावा, कीं मोडावा? त्यांनीं तरुण चढाईपटूंना हात लावला नाहीं. फझलला मात्र मोकळें केलें, आणि त्याच जागेसाठीं, त्याच देशाचा, परंतु त्याच्याहून सुमारें आठ वर्षांनीं लहान असलेला मोहम्मदरेझा शादलुई ह्यास २०२३ च्या लिलांवांत २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतलें. परदेशी गड्यास त्या लीगमध्यें तोंवर मिळालेली ही सर्वांत मोठी रक्कम होती. संघावर खर्च करावयाची मर्यादा ५ कोटींची. म्हणजे दर १०० रुपयांतील ४७ रुपये एकट्या गड्यावर! गणिताच्या वर्गांतील विद्यार्थी विचारील, मग उरलेला संघ ५३ रुपयांत कसा उभा राहिला? उत्तर साधें आहे. बाकीच्या महत्त्वाच्या जागा अशा तरुणांनीं भरल्या होत्या कीं ज्यांना बाजारांत अद्याप मोठा भाव आला नव्हता, पण ज्यांचा खेळ भाव येण्याजोगा झाला होता. घरीं घडविलेल्या गड्यांनीं वांचविलेल्या पैशांतून बाहेरचा एक गडी घेतां आला. घडविणें आणि विकत घेणें ह्यांत विरोध आहे असें आपण समजतों. वस्तुतः जो घडवूं शकतो त्यालाच योग्य वेळीं विकत घेणें परवडतें.

परिणाम सर्वांस ठाऊक आहे. त्या हंगामांत साखळींतील २२ सामन्यांपैकीं पुण्यानें १७ जिंकले, ३ बरोबरींत सोडविले व २ मात्र गमावले. शादलुईनें पकडींचे ९९ गुण मिळविले; परंतु सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो अस्लम इनामदार ह्यास. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणाविरुद्ध अंतिम सामना २८-२५ असा जिंकून पुण्यानें पहिलें अजिंक्यपद पटकाविलें. त्या सामन्यांत पंकज मोहितेच्या एकाच चढाईंत ४ गुण आले, आणि शेवटीं अंतर होतें अवघें ३ गुणांचें. ज्याच्यावर सर्वांत अधिक पैसा खर्चिला त्यानें दार राखलें. ज्याच्यावर सर्वांत अधिक काळ खर्चिला त्यानें सामना हातीं आणून दिला.

ह्यावरून पहिला प्रश्न निघतो तो असा: आमची उणीव कोणती? गडी मोठा आहे काय, हा प्रश्न त्यानंतरचा. ज्या संघांत तीन उत्तम चढाईपटू आहेत त्यानें चौथा, सर्वांहून महाग, चढाईपटू आणावा हें भरल्या विहिरींत घागर ओतण्यासारखें आहे. उलट कोपरा रिता असतां साधारण नांवाचा पण पाय घट्ट धरणारा गडी मिळाला तरी तो सोन्याच्या मोलाचा.

आतां दुसरा, अधिक कठीण प्रश्न. २०२४ सालीं पुण्यानें ह्याच शादलुईला मोकळें केलें. जिंकलेल्या संघाचा बुरूज स्वतःच्या हातानें काढावा, हें अनेक प्रेमिकांस वेडेपणाचें वाटलें. हरियाणानें त्याला २ कोटी ७ लक्ष रुपयांस घेतलें. पुढें काय झालें? त्या हंगामांत अस्लम जायबंदी झाला, आणि गतवर्षींचा विजेता पुणेरी पलटण अखेरच्या सहा संघांतही आला नाहीं. हरियाणानें मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजीं पाटण्याचा ३२-२३ असा पराभव करून अजिंक्यपद घेतलें, शादलुई त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि हा सोहळा झाला तो खुद्द पुण्यांत, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत! एवढ्यावरच लेख संपविला तर वाचक म्हणतील, पहा, पुण्यानें हातचें सोडलें आणि पळत्याच्या पाठीं लागला.

पण सौद्याचा हिशेब एका हंगामावर मांडूं नये. २०२५ सालीं तोच शादलुई २ कोटी २३ लक्ष रुपयांस गुजरातच्या संघांत गेला. गडी तोच, बळ तेंच, किंमत त्याहून थोडी अधिकच; पण गुजरातचा संघ अखेरच्या आठांतही शिरला नाहीं. आणि त्याच वर्षीं त्याच्याविना खेळणारा, अस्लमच्या नेतृत्वाखालील पुण्याचा संघ पुन्हां अंतिम सामन्यांत जाऊन पोहोंचला. म्हणजे एका गड्याबरोबर दोन संघ जिंकले आणि तिसरा हरला. एका संघानें त्याच्यासह अजिंक्यपद घेतलें, त्याच्याविना एकदां सपशेल मार खाल्ला, आणि त्याच्याविनाच पुन्हां उभारी धरली. ह्यांतून एकच अनुमान निघतें. गड्याची किंमत त्याच्या एकट्याच्या अंगांत नसते. तो ज्या जागीं बसतो त्या जागेंत, आणि भोंवतालच्या सहाजणांत ती अर्धीअधिक असते.

माझें मत असें कीं २०२४ सालीं पुण्यानें केलें तें योग्यच होतें, जरी त्या वर्षीं त्याचें फळ कडू लागलें. जे तरुण २०२१ सालीं स्वस्त होते ते २०२४ सालीं स्वस्त राहणार नव्हते. विजयानें त्यांचा भाव वाढविला होता. ५ कोटींच्या मर्यादेंत अर्ध्या रकमेचा एक गडी आणि भाव वाढलेले सहा तरुण, दोन्ही मावत नाहींत. कोणास तरी सोडणें भागच होतें. अशा वेळीं दुसरा प्रश्न विचारावा: आम्ही काय देत आहों, आणि दिलेलें पुन्हां मिळण्याजोगें आहे काय? महाग गडी पैसा असेल तर पुढील लिलांवांत पुन्हां मिळूं शकतो, त्याच्यासारखा दुसराही मिळूं शकतो. पण तीन वर्षें एकत्र खेळून, एकमेकांच्या डोळ्यांची खूण ओळखूं लागलेले तरुण एकदां विखुरले म्हणजे ते कोणत्याही लिलांवांत एकत्र विकत मिळत नाहींत. जें बाजारांत मिळतें तें सोडावें. जें मिळत नाहीं तें राखावें.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. हिशेब कितीही चोख मांडा, खेळ तो मोडूं शकतो. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लीस झालेल्या अंतिम सामन्यांत पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून २८-३१ असा हरला. विजयी दिल्लीच्या संघांत कोण होता? तोच फझल अत्राचली, ज्याला पुण्यानें दोन वर्षांपूर्वीं मोकळें केलें होतें, आणि जो आतां तेहेतीस वर्षांचा झाला होता. म्हणून काय २०२३ चा निर्णय खोटा ठरला? मला तसें वाटत नाहीं. त्या निर्णयानें पुण्यास अजिंक्यपद दिलेंच होतें. पेरणीच्या वेळीं जें दिसतें त्यावरून शेतकऱ्यानें निर्णय घ्यावयाचा असतो. मग अवकाळी गारपीट झाली म्हणून त्याची पेरणी मूर्खपणाची ठरत नाहीं. निर्णयाचा न्याय करतांना निर्णयाच्या घटकेस काय ठाऊक होतें तें पाहावें. एवढें मात्र खरें कीं वय झालें म्हणून अनुभवाचें मोल शून्य धरणारा संघचालकही फसतो.

वयाचा विषय निघाला म्हणून तिसरा प्रश्न: हा लाभ किती वर्षांचा? ह्याचें उदाहरण मात्र कबड्डींत न शोधतां, जेथें थेट अदलाबदल चालते त्या अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्यें पाहावें लागेल. २०१३ सालीं ब्रुकलिनच्या संघास तात्काळ विजय हवा होता. त्यानें बोस्टनकडून पॉल पिअर्स व केविन गार्नेट हे दोन विख्यात गडी घेतले. एक पस्तिशी ओलांडूं लागलेला, दुसरा सदतिशीचा. त्यांच्या बदल्यांत ब्रुकलिननें २०१४, २०१६ व २०१८ ह्या तीन वर्षांचे नवोदित निवडण्याचे पहिल्या फेरीचे हक्क दिले, आणि २०१७ सालीं आपली पाळी बोस्टनशीं बदलण्याची मुभाही दिली. दोन वर्षांच्या आंतच ते दोन्ही थोर गडी ब्रुकलिनमध्यें राहिले नाहींत. बोस्टननें मात्र त्या हक्कांच्या आधारें २०१६ सालीं जेलन ब्राउन व २०१७ सालीं जेसन टेटम हे कोवळे तरुण मिळविले, त्यांना धीरानें वाढविलें, आणि २०२४ सालीं त्यांच्याच बळावर अजिंक्यपद घेतलें. अकरा वर्षांपूर्वींचा सौदा अकरा वर्षांनीं फळला! आवळा देऊन कोहळा काढणें ह्या म्हणीस ह्याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं; फक्त सौदा झाला त्या दिवशीं कोहळा कोणाच्या हातीं आहे हें पुष्कळांस उलटें दिसत होतें.

आमच्या जालन्याच्या वाचकांस ही गोष्ट बियाण्याच्या भाषेंत सांगितली तर अधिक पटेल. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं येथें महिको ही संस्था स्थापिली, तेव्हांपासून जालन्याचें नांव बियाण्याशीं जोडलें गेलें आहे. संकरित बियाण्याचें पीक जोमदार येतें, हें प्रत्येक शेतकरी जाणतो; आणि हेंही जाणतो कीं त्या पिकांतलें बी पुढील वर्षीं पेरलें तर तो जोम टिकत नाहीं, दरसाल नवें बी विकत आणावें लागतें. सरळ वाणाचें बी मात्र निवडून, वाळवून, जपून घरींच ठेवतां येतें. शहाणा शेतकरी दोहोंपैकीं एकाची शपथ वाहत नाहीं. कोणत्या शेतांत काय पेरावें, पदरीं पैसा किती, पुढील वर्षाची तजवीज काय, हें पाहून तो ठरवितो. परंतु जो आपल्या घरचें सगळें बियाणें विकून एका हंगामाच्या भरघोस पिकासाठीं सारा पैसा ओततो, त्याच्या पुढील मृगाची काळजी त्याच्या बायकामुलांना पडते. ब्रुकलिननें नेमकें हेंच केलें.

चौथा प्रश्न सर्वांत नाजूक आहे: नव्या गड्याच्या येण्यानें घराचें काय होईल? मुंबई इंडियन्स ह्या क्रिकेटच्या संघानें रोहित शर्माच्या नेतृत्वाखालीं २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशीं पांच अजिंक्यपदें मिळविलीं होतीं. २०२३ च्या नोव्हेंबरांत त्या संघानें गुजरात टायटन्सकडून हार्दिक पंड्या ह्यास अदलाबदलीच्या व्यवहारानें परत आणलें, आणि पैशाचा मेळ बसविण्यासाठीं कॅमेरॉन ग्रीन ह्यास साडेसतरा कोटींस बंगलोरला दिलें. हार्दिक काय साधा गडी होता? गुजरातचें नेतृत्व करून त्यानें २०२२ सालीं अजिंक्यपद व २०२३ सालीं अंतिम सामना गांठला होता. कागदावर सौदा उत्तम होता. पण पुढील महिन्यांत जुन्या नेत्यास बाजूस सारून नेतृत्वही त्याच्याकडे देण्यांत आलें. प्रेक्षक रुष्ट झाले. मुंबईच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडविली गेली. आणि २०२४ च्या हंगामांत मुंबई १४ पैकीं ४ सामने जिंकून १० संघांत शेवटची आली. गडी वाईट होता म्हणावें, तर त्याच वर्षीं जूनमध्यें भारतानें विसांवीस षटकांचा विश्वचषक जिंकला त्यांत त्याचा मोठा वाटा होता; आणि पुढील वर्षीं, घडी बसल्यावर, त्याच्याच नेतृत्वाखालीं मुंबई अखेरच्या चार संघांत आली. घरांत नवी वस्तु आणतांना जागा करावी लागते. आणि ती जागा कोणाच्या मानावर पाय देऊन केली, हें सौद्याच्या कागदावर लिहिलेलें नसतें.

ह्याच्या उलट, उभयतांस मानवलेला सौदाही आहे. २००९ च्या आरंभीं मुंबई व बंगलोर ह्यांनीं रॉबिन उथप्पा व झहीर खान ह्यांची अदलाबदल केली. मुंबईस धारदार गोलंदाज हवा होता, बंगलोरला फलंदाज. श्रीरामपूरचा झहीर मुंबईस आला, उथप्पा कर्नाटकांतील आपल्या घरच्या संघांत गेला. २००९ सालीं बंगलोर व २०१० सालीं मुंबई अंतिम सामन्यांत पोहोंचले. केवळ ह्या अदलाबदलीनेंच तें झालें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण दोघांच्याही उणिवा भिन्न असतां केलेला सौदा कोणालाच टोंचत नाहीं, हें त्यावरून दिसतें. दुसऱ्यास फसविलें तरच आपला लाभ, ही समजूत बाजारांत जितकी खोटी तितकीच मैदानांतही खोटी आहे.

कांहीं वडीलधारी माणसें हें सर्व ऐकून विचारतील, अहो, हा माणसांचाच बाजार नव्हे काय? १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें बर्लिनला ऑलिंपिकच्या प्रसंगीं कबड्डीचा खेळ करून दाखविला, तेव्हां गडी मंडळाचा असे, किंमतीचा नसे. ह्या प्रश्नांत तथ्य आहे, आणि तो हंसण्यावारी नेऊं नये. लिलांवांत विकला जातो तो माणूस नव्हे, त्याच्या खेळाचा करार, हें खरें. आपल्या क्रिकेटच्या लीगमध्यें अदलाबदलीस गड्याची संमति लागते, हेंही चांगलें. परंतु अमेरिकेंत बहुतेक गड्यांस तसा अधिकार नसतो. २०२५ च्या फेब्रुवारींत डॅलसच्या संघानें लुका डॉन्चिच ह्या आपल्या सर्वांत लाडक्या तरुणास लॉस एंजेलिसच्या संघास देऊन टाकलें, तेव्हां ती वार्ता ऐकून तो स्वतःच थक्क झाला. त्याच्या संघास काय लाभ झाला हा प्रश्न निराळा. ज्याच्या आयुष्याचा सौदा होतो त्याला शेवटीं कळावें, ही रीत मला अनुचित वाटते. सौदा तोलणाऱ्यानें तराजूंत गड्याचें मनही घातलें पाहिजे. धर्म म्हणून तर खरेंच, पण व्यवहार म्हणूनही. मन उठलेला बैल नांगर ओढत नाहीं, हें आमच्या बाजारांतील कोणताही जाणता शेतकरी सांगेल.

आतां ह्या सर्वांचा आपल्या शाळेच्या अंगणाशीं संबंध काय, तें सांगून आटपतों. विद्यार्थिमित्रांनो, आंतरशालेय सामने जवळ आले म्हणजे तुमच्यांत एक बोलणें नेहमीं चालतें. अमुक शाळेंतला तो धिप्पाड मुलगा आपल्याकडे आला तर करंडक आपलाच! कदाचित् तो येईलही. पण त्या आधीं स्वतःस विचारा, आपण गेल्या वर्षीं कां हरलों? शेवटच्या पांच मिनिटांत दम तुटला म्हणून हरलों असलों, तर धिप्पाड गडी येऊन दम येणार नाहीं. तो पहांटेच्या धांवण्यानेंच येईल. चढाई करणाऱ्यास धरतांना दोघे धांवले आणि दोघे बघत राहिले म्हणून हरलों असलों, तर नव्या गड्यानें बघणाऱ्यांची संख्या एकानें वाढेल, इतकेंच. आणि त्याला जागा द्यावयाची म्हणून जो मुलगा तीन वर्षें न चुकतां सरावास आला त्याला बांकावर बसविणार असाल, तर उरलेल्या मुलांनीं त्यावरून काय शिकावें, ह्याचाही विचार करा.

पालकांस एक नम्र विनंती. लिलांवाचे आंकडे वाचून मुलास शिक्षणांतून काढून खेळाच्या बाजारांत उभें करण्याची घाई करूं नका. प्रो कबड्डीचे संघ १२. प्रत्येक संघांत फार तर २५ गडी. म्हणजे सबंध देशांत ३०० जागा, आणि त्यांतही कांहीं परदेशी गड्यांच्या. कोटींचा भाव त्यांपैकीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांस. बाकीच्यांचा करार हंगामापुरता, आणि एक गुडघा दुखावला कीं त्याचाही भरंवसा नाहीं. म्हणून मुलास खेळूं देऊं नये, असें मात्र मी म्हणत नाहीं. नेमकें उलट म्हणतों. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत गुणवंत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या जागेवर बसावयास खेळाबरोबर शिक्षणही लागतें. आपल्या जालन्याच्या विजय झोल ह्यानें २०११ सालीं १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकांत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, आणि २०१४ च्या विश्वचषकांत त्या वयाच्या भारतीय संघाचें नेतृत्व केलें. त्या ४५१ धावा झाल्या तेव्हां त्यांच्यावर कोणत्याही लिलांवाच्या किंमतीची चिठ्ठी नव्हती. खेळ आधीं, भाव मागाहून. भाव पाहून खेळावयास लागलेल्या मुलास भाव उतरला कीं खेळही नकोसा होतो.

तात्पर्य, पुढील लिलांवाच्या दिवशीं कोणास किती मिळाले हें अवश्य वाचा. पण त्याच्या शेजारीं चार प्रश्न लिहून ठेवा. त्या संघाची उणीव कोणती होती? त्यानें काय सोडलें, आणि तें पुन्हां मिळेल काय? लाभ किती वर्षांचा? आणि येणाऱ्या व जाणाऱ्या माणसांचीं मनें कशीं राहतील? हंगाम संपल्यावर तो कागद पुन्हां काढून उत्तरें ताडून पहा. अशीं दोनतीन वर्षें ताडून पाहणारा मुलगा पुढें मोंढ्यांत बसला तरी फसणार नाहीं, आणि संघाचा नेता झाला तर नांवाला भुलून आपला कोपरा रिता ठेवणार नाहीं.